जवसाची चटणी आणि अर्धी गोळी

बायकोला निर्धास्तपणे माहेरी जाता यावं म्हणून एका सकाळी मी माझ्या मनाच्या गोळ्या बंद केल्या. तिला विचारलं नाही, डॉक्टरांना विचारलं नाही. फक्त स्वतःला विचारलं, आणि तिकडून लगेच होकार आला.

देवळाली प्रवऱ्यात माझं खत-औषधांचं दुकान आहे. औषधं म्हणजे पिकांची. माणसांची वेगळी असतात, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि पटणं यात माझ्याकडं नेहमीच बरंच अंतर राहिलेलं आहे.

त्याआधीच्या वर्षी मी आजारी पडलो होतो. ताप नाही, खोकला नाही. दुकानाचं शटर वर करायचं म्हटलं की हात उचलत नव्हता. भिंतीकडं तोंड करून पडून राहायचो. घरात भांडण नव्हतं, दुकान नीट चाललं होतं, कुणी गेलेलं नव्हतं. भेटायला येणारे विचारायचे, "पन झालंय काय?" तर सांगायला काहीच नसायचं, आणि तीच सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट वाटायची. निदान मूतखडा तरी असावा माणसाला. दुकान बायको सांभाळायची आणि गिऱ्हाइकांना सांगायची, "ॲसिडिटी आहे त्यांना." महिनाभर टिकलेली ती ॲसिडिटी गावात चांगलीच गाजली. प्रत्येक शेतकऱ्यानं माझ्यासाठी आपापला उपाय पाठवला, आणि ओव्याचा साठा आमच्याकडं अजून संपलेला नाही.

शेवटी तिनंच मला एस.टी.त बसवून श्रीरामपूरला मनाच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर बाई होत्या. गोळी सुरू झाली. गुण यायला वेळ लागला, पण आला. एक दिवस मी समोरच्या चहावाल्याला ओरडलो की हा चहा आहे का भांडी धुतलेलं पाणी आहे, तर बायको आतल्या गोण्यांमागं जाऊन डोळे पुसत होती. मला वाटलं, माझं वागणं आवडलं नाही. ती म्हणाली, "भांडायला लागलात हो तुम्ही!" आणि पुन्हा रडली.

आता माहेराचं. तिचं माहेर पाथर्डीकडं, कोरडवाहू गाव. भाऊ-वहिनी दसरा झाला की ऊसतोडीला जातात, ते पाडव्याच्या सुमाराला परत येतात. मागं घरात सासूबाई एकट्या, दोन शेळ्या आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन करायला त्या तयार होत्या, पण एकाच अटीवर: थंडीतच. उन्हाळ्यात डोळा चिघळतो, पावसाळ्यात पिकतो, असं त्यांचं ठाम मत. नगरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी समजावलं, आजी, आता कुठल्याही महिन्यात करतात. त्या म्हणाल्या, "तुमी करा कवाबी. माजा डोळा थंडीतच."

म्हणजे अडचण अशी, की ऑपरेशन थंडीतच होणार, आणि थंडीत लेक-सून उसाच्या फडात. ड्रॉप घालायला, वाकू नका, चुलीपुढं बसू नका म्हणून ओरडायला महिनाभर कुणीतरी लागणार. ते कुणीतरी म्हणजे माझी बायको. आणि माझी बायको माझ्या आजारपणापासून एक रात्रही माहेरी राहिली नव्हती. पहिल्या गाडीनं जायची, आईचं डोकं विंचरायची, पीठ-मीठ बघायची आणि दिवेलागणीला परत. का, ते कधी बोलली नाही. जेवताना मात्र माझ्या हाताकडं बघत राहायची, घास तोंडात जातोय का नुसता ताटात फिरतोय ते. मला सगळं कळायचं. त्या थंडीत जायचं तिनं ठरवलं होतं, आणि रोज थोडं थोडं मोडत होती. "बघू. पुढच्या वर्षी करू. आईला सवय झालीय आता."

आंधळं होण्याची कसली सवय? मी विचार केला, ही गोळी घरात आहे तोवर हिच्या डोळ्यांत मी पेशंटच राहणार. गोळी गेली की पेशंट गेला. पेशंट गेला की ही पाथर्डीच्या गाडीत बसली. हिशोब इतका सरळ होता, की मला स्वतःचं कौतुक वाटलं.

गोळीच्या जागी काय, हा प्रश्न माझ्यासारख्या माणसाला पडणारच नव्हता. वीस-बावीस वर्षं मी हेच तर करतोय. शेतकरी पान तोडून आणतो, काउंटरवर ठेवतो, मी चष्मा वर करून बघतो. कोवळं पान पिवळं, शिरा हिरव्या: लोह कमी. जुनं पान पिवळं: मॅग्नेशियम. शेंडा जळाला: कॅल्शियम. पीक उदास दिसलं म्हणजे त्याला काहीतरी कमी पडलंय, ते द्या, पीक हसतं. मग मी उदास होतो म्हणजे मला काय कमी पडलं होतं? मोबाईल उघडला. मॅग्नेशियम निघालं. झिंक निघालं. दोन्ही माझ्याच दुकानात पोत्यानं पडलेली! (तेच खाल्लं नाही, एवढी अक्कल शिल्लक होती. पाकिटावरचा डोस वाचून बघितला, हेही खरं.) माणसांसाठीचं सगळं ऑनलाइन मागवलं: मॅग्नेशियम, झिंक, बी-बारा, डी, अश्वगंधा आणि मेंदूसाठी म्हणून सोनेरी रंगाच्या ओमेगाच्या मोठ्या कॅप्सूल. पार्सल दुकानाच्या पत्त्यावर आलं आणि तणनाशकांच्या खालच्या ड्रॉवरमध्ये गेलं, जिथं बायको हात घालत नाही.

घरी मी फक्त आहाराचं सांगितलं. "आजपासून मी नीट जेवणार आहे. जवसाची चटणी कर. कारळ्याची कर. बाजरीची भाकरी, शेवग्याचा पाला, भोपळ्याच्या बिया. साखर बंद. चहा एकदाच."

ती माझ्याकडं बघतच राहिली. चौदा वर्षं शेवग्याचा पाला मी ताटाच्या कडेला सारत आलो होतो. "कुणी सांगितलं?"

"वाचलं."

तिनं त्याच दुपारी जवस भाजायला घेतला. तव्यावर तो तडतडत होता आणि ती गुणगुणत होती. तिला वाटलं, माणूस सुधारला. मी मात्र त्याच सकाळपासून गोळी न घेता पाण्याचा नुसता घोट घेऊन, मान मागं टाकून, गिळल्याचं नाटक करत होतो; गोळ्यांच्या पट्ट्या न फोडता त्याच ड्रॉवरमध्ये जात होत्या. नाटक इतकं चांगलं वठायचं, की एकदा मला ठसकाच लागला.

पहिले काही दिवस मी हवेत होतो. बघा, काही होत नाही! मग एका सकाळी गिऱ्हाइकाला द्यायला फळीवरची बाटली काढायला मान वळवली आणि डोक्यात चर्रकन काहीतरी गेलं. विहिरीवरची मोटर दोन फेजवर चालू करायला गेलं की ती घुर्रर करून जागच्या जागी थरथरते, तसं. मान सरळ केली, थांबलं. वळवली, पुन्हा घुर्रर. मी गिऱ्हाइकाकडं अंगासकट वळायला लागलो. एकानं विचारलंही, "शेठ, मानंला पट्टा घालून टाका."

मग रडू सुरू झालं. एक म्हातारे शेतकरी आले, म्हणाले, "कांद्याचं रोप समदं मुरगाळलं." ते अगदी शांतपणे सांगत होते, रोप त्यांचं, नुकसान त्यांचं. माझ्या डोळ्यांतून मात्र धारा. त्यांनीच उपरण्यानं माझं तोंड पुसलं. "असूं द्या शेठ, पुन्यांदा टाकू रोप. तुमी नका मनाला लावून घेऊ." बाहेर जाऊन त्यांनी सांगितलं असणार, कारण त्या आठवड्यात माझ्याकडं उगाचच गर्दी वाढली. दुकानदार आपल्या दुःखात रडतो, ही जाहिरात कुठल्याच कंपनीला सुचलेली नव्हती.

रडू नसेल तेव्हा राग. आणि राग नसेल तेव्हा खरं बोलणं, ते सगळ्यात वाईट. "हे टॉनिक चांगलं हाय का?" असं कुणी विचारलं की मी म्हणायचो, "काही उपयोग नाही, रंगीत पाणी आहे." माझ्याच दुकानातलं, मीच ठेवलेलं. दर वेळी मी ड्रॉवर उघडून आणखी एक मॅग्नेशियम घ्यायचो. पिकाला फरक पडला नाही तर दुसरा डोस देतातच की.

सगळं फुटलं ते मेळाव्यात. एका कंपनीनं जवळच्या गावात मंडप टाकून शेतकऱ्यांना बोलावलं होतं, आणि दरवर्षीप्रमाणं भाषण माझं. विषय: उसाचं संतुलित पोषण. मी उभा राहिलो, माईक हातात घेतला. "मंडळी, उसाला वरून बघू नका. त्याची पांढरी मुळी बघा. ती दिसत नाही, पण ती बिचारी अंधारात..." एवढं बोललो आणि 'बिचारी' या शब्दावर अडकलो. ती पांढरी मुळी, मातीखाली, एकटी, कुणाला न दिसता राबतेय! मी माईकवर हुंदके देऊन रडलो. डाव्या बाजूला तोंड फिरवायला गेलो तर डोक्यात घुर्रर, तोल गेला आणि मी बॅनरसकट खाली.

लोकांनी उचललं, पाणी पाजलं. मागून एकजण दुसऱ्याला म्हणताना ऐकू आलं, "एवढा जीव लावून खत इकनारा मानूस म्या बघितला न्हाई." त्या दिवशी कंपनीचा माल तिथल्या तिथं संपला. मला टेम्पोत घालून घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी मी उठलो नाही. तोंड पुन्हा भिंतीकडं. बायको चावी घेऊन दुकानात गेली. तिथं सुटे शोधताना का कशाला, तिनं तो खालचा ड्रॉवर उघडला.

ती परत आली ती ओमेगाची बाटली हातात धरून. "अहो, ह्याच्यावर मासा काढलाय."

आमच्याकडं गळ्यात माळ. अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. मी भिंतीकडूनच म्हणालो, "ते चित्र असतं कंपनीचं. आपल्या खताच्या पोत्यावर बैल असतो, म्हणून पोत्यात बैल असतो का?"

"खाली लिव्हलंय. माशाचं तेल." माझी बायको एरवी माझ्यापेक्षा शुद्ध बोलते. तिच्या तोंडी पाथर्डी आली की समजायचं, आता खरं. तिनं दुसऱ्या हातातल्या गोळ्यांच्या भरलेल्या पट्ट्या अंथरुणावर टाकल्या. "आन् ह्ये?"

मी पट्ट्या चादरीखाली सारायला गेलो.

"कवापासून?"

मी सांगितलं. का, तेही सांगितलं. तिला मोकळं जाता यावं म्हणून. सांगताना मला वाटत होतं, या भागावर तरी ती विरघळेल.

ती खाली जमिनीवर बसली. "मी गेले आसते, आन् तुमी हितं असं पडला आसता, तर मला कुनी सांगितलं असतं? त्या माशानं?"

आणि मग आम्ही दोघंही हसलो, म्हणजे ती आधी हसली आणि मग रडली, मी आधी रडलो. त्याच दुपारी श्रीरामपूर.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "बंद करायला कुणी सांगितलं?"

"मीच."

"शिक्षण?"

"ॲग्री डिप्लोमा."

त्यांनी मान हलवली, जणू रिपोर्ट आला. मग नीट समजावलं. शरीराला गोळीची सवय झालेली असते, ती एकदम काढली की असे झटके येतात, रडू येतं, चक्कर येते. आणि त्यात मूळ दुखणंही डोकं वर काढू शकतं. बंद करायची तर जरूर करू, पण पायरीपायरीनं, मी सांगेन तशी. आत्ता पुन्हा सुरू. माझ्यातला दुकानदार अजून जिवंत होता. मी म्हणालो, "म्हणजे तोडणीआधी उसाचं पाणी हळूहळू तोडतात, तसं?"

"मला शेतीतलं काही कळत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला औषधातलं कळत नाही. हे दोघांनी मान्य केलं की पुढचं सोपं आहे."

बायकोनं पिशवीभर बाटल्या टेबलावर मांडल्या. रक्त तपासलं, तर बी-बारा खरोखरच तळाला गेलेलं. मी खुर्चीत सरळ झालो. "मी म्हणत होतो!" डॉक्टर म्हणाल्या, हो, हे घ्याच, अशक्तपणा त्यानंही असतो, डी पण घ्या. अश्वगंधा गोळीबरोबर मला न विचारता नको. मॅग्नेशियम एवढं कशाला? आणि जवसाची चटणी? "खा की. छानच. पण जेवण म्हणून खा, औषध म्हणून नको." ओमेगाची बाटली त्यांनी नुसती बाजूला सारली. यानं गोळी सुटणार नाही, म्हणाल्या.

"माळ सुटली असती," बायको म्हणाली.

त्या थंडीत ऑपरेशन झालं नाही. बायकोनं आईला फोन करून सांगितलं, ह्यांना बरं नाही. सासूबाई म्हणाल्या, "व्हय? मग ऱ्हाऊ दे. माजा डोळा कुठं पळून चाललाय." थंडी गेली, म्हणजे त्यांच्या मतानं पुढचं सगळं वर्ष गेलं. त्या वर्षात त्यांनी चहात मीठ घातलं, शेजारणीची शेळी आपली समजून दावणीला बांधली, आणि तिनं भांडण काढलं तेव्हा उलट तिलाच चोर ठरवलं. बायको हे हसत हसत सांगायची. मी हसायचो नाही. दर वेळी वाटायचं, ती शेळी मी बांधलीय.

गोळी कमी करायला सुरुवात झाली ती पाऊसपाण्याच्या दिवसांत, तब्येत बरेच दिवस स्थिर राहिल्यावर. थोडी कमी, मग थांबा. पुन्हा थोडी कमी, पुन्हा थांबा. श्रावणात एक पायरी जड गेली. झोप उडाली, घुर्रर परत आलं. डॉक्टरांनी एक पायरी मागं घेतली. मला तो स्वतःचा अपमान वाटला; चार दिवस मी तोंड पाडून बसलो. बायको म्हणाली, "एक पाऊल मागं आलं म्हणून काय झालं? तुम्ही गाडी लावताना चार वेळा मागं घेता की." हे खरं आहे. चारपेक्षा जास्त वेळा घेतो.

जेवणाचं मात्र सुटलं नाही. यातलं कशानं काय झालं, मला सांगता येणार नाही, आणि आता सांगायची हौसही उरलेली नाही. एवढं दिसलं, की दुपारचं जेवण चुकलं आणि चहावर चहा झाला, की संध्याकाळी मन घसरतं. येणारा प्रत्येक शेतकरी चहा सांगतो आणि नाही म्हटलं तर त्याला राग येतो. म्हणून मी दुकानात ताक ठेवायला लागलो. सकाळी कालव्याच्या कडेनं उन्हात फिरून यायचं, मोड आलेली मटकी, वेळेवर भाकरी. दुपारी आम्ही शटर अर्धं ओढून गोण्यांवर पेपर अंथरून दोघं जेवायचो. ती चटणी वाढायची आणि माझ्या हाताकडं बघायची. मग हळूहळू बघायची विसरायला लागली. एक दिवस माझ्या ताटाकडं न बघता ती सगळं जेवण संपेपर्यंत शेजारणीच्या लग्नातल्या साड्यांवर बोलत होती. मला इतका आनंद झाला, की साड्यांचे रंग अजून पाठ आहेत.

पुन्हा थंडी आली तेव्हा मी अर्ध्या गोळीवर होतो. मला वाटलं, ही अर्धीही संपवावी, मगच तिनं जावं. कसं नीटनेटकं होईल. डॉक्टर म्हणाल्या, "बाई माहेरी असताना प्रयोग नकोत. अर्धी चालू ठेवा. घाई कुणाला आहे?" घाई मलाच होती, नेहमीप्रमाणं. पण या वेळी ऐकलं.

आणि ती गेली. भाऊ-वहिनी फडात, ही आईला घेऊन नगरला. दोन्ही डोळे थोड्या अंतरानं. इकडं मी एकटा. पहिल्या दिवशी भाकरी थापली. ती महाराष्ट्राच्या नकाशासारखी झाली, त्यातही कोकण तुटलेलं. फोनवर ती विचारायची, "जेवलात?" मी म्हणायचो, जेवलो. "गोळी?" घेतली. "खरंच गिळली?" एका दिवशी मन जड होतं. वाटलं, लपवावं. मग म्हणालो, "आज जरा खाली आहे." ती म्हणाली, "येऊ का?" मी म्हणालो, "नको. कालव्यावर जाऊन येतो, मग फोन करतो." गेलो, आलो, फोन केला. ती आली नाही. महिनाभर ती आली नाही, आणि माझ्या मते आमच्या संसारातली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे, जरी ती कुणाला सांगण्यासारखी नसली तरी.

महिना झाल्यावर रीतीप्रमाणं मी तिला आणायला गेलो. नवा सदरा घातला होता. साखर सोडल्यानं पोट उतरलेलं, फिरून रंग रापलेला. मला वाटत होतं, मी बराच बरा दिसतोय. अंगणात सासूबाई बाजेवर काळा चष्मा लावून बसलेल्या. आमच्या सासूबाई जावयाशी थेट बोलत नाहीत. डोक्यावर पदर घेतात आणि जे बोलायचं ते लेकीला सांगतात, मी समोर उभा असलो तरी. मी पाया पडलो. मनातून माफी मागितली, त्या वाया गेलेल्या थंडीची.

त्यांनी चष्मा काढला. कित्येक वर्षांनी त्या मला स्वच्छ बघत होत्या. केसांपासून चपलांपर्यंत, सावकाश, बाजारात बैल बघतात तसं. मी छाती थोडी पुढं काढली. बायको दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, हसू दाबत.

सासूबाईंनी पदर नीट केला आणि लेकीकडं वळल्या.

"बाई, त्यो डाक्टर म्हनला हुता, आता समदं चांगलं दिसंल. ह्ये काय न्हाई सुदारलं."